पुंगळी फुटते तेव्हा

काही वर्षांपूर्वी मी लेकीकडे अमेरिकेत गेलो होतो. तिच्या शेजारी एक निवृत्त यंत्रकारागीर राहत असत. मी आयुष्यभर अभियांत्रिकी महाविद्यालयात धातुशास्त्र शिकवलं, हे कळल्यावर ते मला आग्रहानं त्यांच्या तळघरात घेऊन गेले. तिथे लाकडी बाकावर हातानं दाबायचं एक यंत्र, सोनाराच्या असतो तसा नाजूक तराजू आणि ओळीनं मांडलेले डबे होते. हे गृहस्थ पिस्तुलाची काडतुसं घरीच भरत. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे. तिकडे तो लाखो लोकांचा रविवारचा छंद आहे. झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी उचलायची, तिच्यात नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी बसवायची आणि पुन्हा झाडायची.

माझं लक्ष मात्र फडताळावरच्या एका काचेच्या बरणीकडे गेलं. लोणच्याच्या बरणीएवढी बरणी, आणि तिच्यात फुटलेल्या पुंगळ्या. काही तोंडापासून उभ्या चिरलेल्या, काही बुडाजवळ फुगून फाटलेल्या. एकीचं तर बूडच नव्हतं. मी विचारलं, "या कशाला ठेवल्यात?" ते म्हणाले, "यातली प्रत्येक माझी एकेक चूक आहे. चुका फेकून द्यायच्या नसतात."

त्या बरणीनं मला पुण्याला परतल्यावरही सोडलं नाही. बोटाच्या पेराएवढी पितळेची नळी. ती फुटते का, आणि ती फुटल्यावर दोष कुणाचा? या प्रश्नाचा माग काढत गेलो, तेव्हा मी एका रणांगणावर, एका तबेल्यात आणि शेवटी आपल्या पावसाळ्यात जाऊन पोचलो. तोच प्रवास आज तुम्हाला सांगायचा आहे.

काडतूस म्हटलं की आपल्याला १८५७ आठवतं. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला, बटाटा आणि पाव आले तसाच. त्याच्या मुळाशी कागद आहे. काडतूस म्हणजे मुळात कागदाची पुडी. एन्फिल्ड बंदुकीचं काडतूस असंच होतं. कागदाच्या गुंडाळीत मोजलेली दारू आणि शिशाची गोळी. शिपायानं पुडीचं टोक दातानं तोडायचं, दारू नळीत ओतायची, वरून गोळी ठासायची. कागदाला लावलेल्या चरबीवरून काय घडलं, ते आपण शाळेत शिकलो आहोत. २९ मार्च १८५७ रोजी बराकपूरला मंगल पांडे उठला. २४ एप्रिलला मेरठच्या तिसऱ्या घोडदळातल्या ८५ स्वारांनी काडतुसं घ्यायला नकार दिला. तेव्हापासून आजवर इतिहासकार वाद घालत आले आहेत, की काडतूस हे त्या उठावाचं कारण होतं की निमित्त? हे दोन शब्द लक्षात ठेवा, कारण पुढे ते आपल्याला पुन्हा पुन्हा भेटणार आहेत.

त्या काडतुसाला पुंगळी नव्हती, त्यामुळे फुटण्याचा प्रश्नच नव्हता. पण योगायोग असा, की त्याच १८५७ साली अमेरिकेत स्मिथ अँड वेसन या कंपनीनं आपलं पहिलं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. त्याचं काडतूस अगदी चिमुकलं होतं, पण त्याचं कवच धातूचं होतं. तांब्याच्या पातळ पत्र्याच्या त्या पुंगळीत दारू, गोळी आणि पेट घेणारा मसाला, सगळं एकत्र. दातानं तोडायला नको, ठासायला नको. मात्र पहिल्या दिवसापासून एक अडचण होती. गोळी सुटली की मऊ तांब्याचं बूड मागे फुगायचं आणि फिरणारं चक्र अडून बसायचं. म्हणून कंपनीला त्या बुडामागे चक्राबरोबर फिरणारी एक चकती बसवावी लागली. म्हणजे पुंगळी जन्माला आली तीच तक्रार घेऊन.

पुंगळीचं काम नेमकं काय असतं? पुष्कळांना वाटतं, ती नुसती डबी आहे. तसं नाही. दारू पेटली की सेकंदाच्या हजाराव्या भागात आत प्रचंड दाब तयार होतो. आपल्या स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर शिट्टी देतो, तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस इंचाला साधारण १५ पौंडांनी जास्त असतो. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ९ मिलिमीटर पिस्तुलाच्या काडतुसाला अमेरिकी मानकांनी दिलेली कमाल मर्यादा आहे दर चौरस इंचाला ३५,००० पौंड. म्हणजे कुकरच्या दोन हजार पटींहूनही जास्त! हा दाब पुढे गोळीला ढकलतो, तसाच मागे झाडणाऱ्याच्या तोंडाकडेही यायला बघतो. त्याला मागे अडवते ती पुंगळी. त्या क्षणी ती फुगते, नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि बुचासारखी वाट बंद करते. दाब ओसरला की ती किंचित आकसते, म्हणून सहज बाहेर पडते.

म्हणजे या धातूकडून आपण दोन उलट्या गोष्टी मागतो. तो फुगण्याइतका मऊ हवा आणि परत आकसण्याइतका ताठही हवा. तांबं फुगतं पण आकसत नाही. पोलाद ताठ, पण तितकं ताणून घेत नाही. अखेर सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त हे पितळ त्या कामाला योग्य ठरलं. आजही धातुशास्त्राच्या पुस्तकांत त्याचं नाव 'कार्ट्रिज ब्रास', म्हणजे काडतुसाचं पितळ असंच आहे.

पण हे शहाणपण येण्याआधी माणसांनी किंमत मोजली. २५ जून १८७६ रोजी अमेरिकेतल्या मोंटाना प्रदेशात, लिटल बिगहॉर्न नदीच्या काठी, जनरल कस्टर आणि त्याच्याबरोबरचे दोनशेहून अधिक घोडेस्वार लाकोटा आणि शायान लढवय्यांच्या हातून मारले गेले. अमेरिकी सैन्याला हा पराभव पचेना. मग कारणं शोधली गेली, आणि एक कारण सापडलं ते पुंगळीचं. स्वारांच्या स्प्रिंगफील्ड बंदुकींची काडतुसं तांब्याच्या पुंगळ्यांची होती. चामड्याच्या पट्ट्यात राहून त्यांवर हिरवा कळंक चढायचा, बंदूक तापली की पुंगळी आत चिकटायची, आणि ओढायला जावं तर तिची कड फाटून नळकांडं आतच राहायचं. मग स्वारानं चाकूनं ते खरवडून काढायचं, तेही शत्रू अंगावर येत असताना. त्या लढाईतून वाचलेल्या मेजर रेनोनंही बंदुकींच्या या दोषाबद्दल वरिष्ठांना लिहून कळवलं होतं. 'पुंगळ्यांनी घात केला' ही गोष्ट मग शंभर वर्षं सांगितली गेली.

१९८३ साली त्या रणांगणावरचं गवत वणव्यात जळून गेलं. उघड्या पडलेल्या जमिनीवर १९८४ आणि १९८५ मध्ये पुरातत्त्वज्ञांनी धातुशोधक यंत्रं घेऊन पद्धतशीर शोध घेतला. शेकडो पुंगळ्या सापडल्या. अडकलेली पुंगळी खरवडून काढली तर तिच्यावर तसे ओरखडे राहतातच. तसे ओरखडे किती पुंगळ्यांवर होते? शंभरातल्या पाचांवरही नाही. उलट, समोरच्या लढवय्यांकडे लागोपाठ गोळ्या झाडणाऱ्या हेन्री आणि विंचेस्टर रायफली मोठ्या संख्येनं होत्या, हे त्यांच्या पुंगळ्यांनीच सांगितलं. पुंगळ्या अडकत होत्या हे खोटं नव्हतं, पण पराभवाचं कारण ते नव्हतं. सेनापतीचं चुकलेलं गणित एका नळकांड्याच्या माथी मारणं सोयीचं होतं, इतकंच. तरी त्या बोभाट्याचा उपयोग झाला. पुढे अमेरिकी सैन्यानं तांबं सोडून पितळ धरलं.

ब्रिटिशांची कथा वेगळी नाही. त्यांच्या कर्नल बॉक्सर यांनी बनवलेल्या काडतुसाची पुंगळी पितळेच्या पातळ पत्र्याची गुंडाळी करून केलेली असे, एखाद्या भेंडोळ्यासारखी. मार्टिनी-हेन्री रायफलीत ती वाळू आणि उष्णता यांमुळे अडकू लागली. १८८५ च्या सुदान मोहिमेत याबद्दल इतकी ओरड झाली, की एकसंध ओढून काढलेल्या पितळी पुंगळीकडे वळण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

याच बॉक्सरसाहेबांची एक गंमत आहे. पुंगळीच्या बुडाशी स्फोटक टोपी बसवायच्या दोन पद्धती १८६६ साली पुढे आल्या. एक इंग्रज बॉक्सरची, दुसरी अमेरिकन बर्डनची. झालं असं, की अमेरिकनाची पद्धत युरोपनं उचलली आणि इंग्रजाची अमेरिकेनं! बॉक्सरच्या पद्धतीत बुडाला मधोमध एकच भोक असतं. आतून सळई घातली की जुनी टोपी टुक्कन बाहेर पडते. बर्डनच्या पद्धतीत भोकं दोन आणि तीही बाजूला, त्यामुळे हे काम किचकट. अमेरिकेत घरोघरी काडतुसं भरण्याचा छंद रुजला, त्यामागे या एका भोकाचाही वाटा आहे.

सुरुवात छंद म्हणून झाली नव्हती. १८७० च्या दशकात पश्चिमेकडच्या मैदानांत गवे मारणाऱ्या शिकाऱ्यांना काडतुसं परवडत नसत आणि जवळ दुकानही नसे. पुंगळी हाच काडतुसाचा महाग भाग, म्हणून ती जपायची आणि पुन्हा भरायची. १८८४ साली जॉन बार्लो या माणसानं आयडियल नावाची कंपनी काढून त्यासाठी हातातली अवजारं विकायला आणली. त्यांची चित्रं पाहिली तेव्हा मला आजीच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता आठवला. तसंच दोन दांड्यांचं, हातात मावणारं. सैन्याच्या तुकड्यांनाही सरावासाठी पुंगळ्या पुन्हा भरायचं साहित्य दिलं जाई.

काळ्या दारूच्या काळात हे ठीक चाललं. १८९० च्या दशकात धूर न करणारी नवी दारू आली, आणि चांगल्या दिसणाऱ्या पुंगळ्या दुसऱ्यांदा भरल्यावर ठिसूळ होऊन फुटू लागल्या. दोष नव्या दारूला दिला गेला. खरा गुन्हेगार टोपीत लपला होता. टोपीतल्या मसाल्यात पारा असे. आपल्याकडच्या गृहिणींना ठाऊक आहे, की थर्मामीटर फुटला तर अंगठी आधी बाजूला ठेवायची. पारा सोन्यात शिरतो आणि सोनं पांढरं पडतं. पितळेचंही तेच होतं. काळ्या दारूची काजळी इतकी असे, की पारा तिच्यात विरून जाई. नवी दारू स्वच्छ जळणारी, त्यामुळे पारा थेट पितळेत शिरला. म्हणजे नवी दारू हे निमित्त, पारा हे कारण. विसाव्या शतकाच्या तोंडावर अमेरिकी लष्करानं टोपीतून पारा काढला, तेव्हा कुठे प्रश्न सुटला.

नव्या दारूनं आणखी एक सापळा लावून ठेवला होता, आणि तो खास पिस्तूलवाल्यांसाठी. .३८ स्पेशल हे रिव्हॉल्व्हरचं काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलं, ते काळ्या दारूच्या हिशेबानं. तिच्या पुंगळीत सुमारे २१ ग्रेन काळी दारू मावे. ग्रेन हे माप आपल्याला परकं. सोनाराच्या भाषेत सांगायचं तर ती अकरा गुंजा भरेल. नव्या दारूनं निशाणेबाजीसाठी तेच काम अडीच-तीन ग्रेनमध्ये, म्हणजे दीड गुंजेत होऊ लागलं. आता त्या पुंगळीत डोकावून बघा. तळाशी चिमूटभर दारू, वर सगळी पोकळी. फोन वाजला, कुणी हाक मारली, हात थबकला आणि त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा दारू पडली, तरी ती काठापर्यंत येत नाही. दिसायला दोन्ही सारख्याच. तराजू अचूक, यंत्र अचूक. चुकतं ते माणसाचं लक्ष. तळघरातले ते गृहस्थ मला म्हणाले होते, "मी भरायला बसतो तेव्हा रेडिओसुद्धा लावत नाही." रेडिओवरून बोलताना हे सांगायला मला थोडं अवघड वाटतं, पण त्यांचं बरोबर होतं.

कधीकधी चूक विसराळूपणाची नसते, हव्यासाची असते. आयडाहोतला एल्मर कीथ हा गुराखी जास्त ताकदीच्या गोळीच्या मागे होता. ४ जुलै १९२५ ला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, त्यानं स्वतः भरलेली .४५ कोल्टची काडतुसं हवेत झाडायला घेतली आणि रिव्हॉल्व्हरच्या चक्राचा वरचा भाग पट्टीसकट उडून गेला. माणूस वाचला. त्याचं वैशिष्ट्य हे, की त्यानं गोष्ट लपवली नाही. स्वतःच्या फुटलेल्या रिव्हॉल्व्हरबद्दल त्यानं मासिकात लिहिलं. .४५ च्या चक्रात सहा मोठी भोकं पाडल्यावर मधल्या भिंती फार पातळ राहतात, हे त्यानं ओळखलं आणि किंचित लहान, म्हणून भिंत जाड असलेल्या .४४ स्पेशलकडे तो वळला. पुढची तीस वर्षं तो कंपन्यांच्या मागे लागून राहिला. १९५५ साली .४४ मॅग्नम आलं, ते त्याच्या या नादातून.

त्या मॅग्नमची पुंगळी जुन्या .४४ पेक्षा इंचाच्या एक अष्टमांशानं लांब ठेवली गेली. दारू जास्त मावावी म्हणून नव्हे. तेवढी जागा जुन्या पुंगळीतही होती. लांब ठेवली ती नवं दांडगं काडतूस जुन्या, नाजूक रिव्हॉल्व्हरमध्ये शिरूच नये म्हणून. १९३५ च्या .३५७ मॅग्नमनंही हेच केलं होतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे उदाहरण नेहमी देत असे. 'चूक करू नका' अशी पाटी लावणं सोपं असतं. चूक करताच येऊ नये अशी वस्तू घडवणं हे खरं अभियांत्रिकी.

तरीही माणूस वाट काढतोच. १९७६ साली पिस्तुलाच्या वेगवान निशाणेबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिच्या नियमांत जोरकस काडतुसाला गुण जास्त होते. हलका धक्का आणि जास्त गुण दोन्ही साधावेत म्हणून स्पर्धकांनी .३८ सुपर हे १९२९ सालचं काडतूस घरी ठासून भरायला सुरुवात केली. आता रिव्हॉल्व्हरमध्ये पुंगळी चहूबाजूंनी पोलादात असते. आपोआप भरणाऱ्या पिस्तुलात मात्र काडतूस खालून वर चढावं म्हणून नळीच्या तोंडाशी एक उतार ठेवावा लागतो. त्या उतारापाशी पुंगळीच्या बुडाखाली पोलादाचा आधार नसतो. तेवढीच नखाएवढी जागा उघडी. दाब वाढला की पुंगळी तिथेच फुगते, फुटते, आणि तप्त वायू खाली मुठीत आणि वर तोंडाकडे उसळतो. काजळीनं आणि पितळेच्या कणांनी माखलेल्या त्या चेहऱ्याला खेळाडूंनी थट्टेनं नाव दिलं, 'सुपर फेस'. संरक्षक चष्मा डोळ्यांवर होता म्हणून थट्टा करता आली. शेवटी कारागिरांनी नळीतच उतार घडवून बुडाला पूर्ण आधार दिला, आणि ही थट्टा मागे पडली.

आता आपल्या पावसाळ्याकडे येतो. वर सांगितलेल्या सगळ्या पुंगळ्या झाडताना फुटल्या. पण एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या इंग्रज लष्कराला वेगळाच अनुभव येत होता. कुणी हात न लावता, पेटीत पडल्या पडल्या पुंगळ्या तडकत होत्या. उन्हाळ्यात ठेवलेली ठणठणीत काडतुसं पावसाळा उलटल्यावर बाहेर काढावीत, तर गोळीच्या गळ्यापाशी उभी चीर! तीही जिथे काडतुसं तबेल्यात किंवा तबेल्याजवळ ठेवली होती, तिथेच जास्त. याला नाव पडलं 'सीझन क्रॅकिंग'. कुणी म्हणतं पावसाच्या मोसमावरून, कुणी म्हणतं सुकणाऱ्या लाकडाला तडे जातात त्यावरून.

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ विसर्जित झालं आणि तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे गेला. आम्हा पुणेकरांना पितळ आणि लष्कर ही जोडी नवीन नाही, आणि घोड्यांच्या पागाही नव्या नाहीत. पावसाळ्यातल्या पागेचा वास ज्यानं घेतला आहे, त्याला उत्तर नाकानंच कळेल. घोड्याच्या मुतातून निघणारा तो झोंबरा वायू म्हणजे अमोनिया. दमट हवेत तो पितळेच्या अंगावर बसतो, तांब्याशी संयोग पावून निळा क्षार करतो, आणि धातूच्या कणाकणांमधल्या सांधीतून आत शिरतो.

पण मग प्रश्न उरतो. त्याच तबेल्यात पितळेची घंटा होती, खोगिराच्या पितळी कड्या होत्या. त्या का तडकल्या नाहीत? पुंगळीच का?

उत्तर आमच्या तांबट आळीत आहे. कसबा पेठेत जाऊन उभे राहा. तांबट पत्रा ठोकत असतो. ठोकता ठोकता पत्रा ताठर होतो, मग तो थांबतो, भांडं भट्टीत तापवतो आणि मऊ करून पुन्हा ठोकायला घेतो. त्याला कुणी धातुशास्त्र शिकवलेलं नसतं, पण न तापवता ठोकत राहिलं तर भांडं तडकेल, हे त्याच्या हाताला ठाऊक असतं. पुंगळीही अशीच घडते. पितळेची चकती, तिची वाटी, वाटीची नळी, प्रत्येक ओढीनंतर भट्टी. पण शेवटची ओढ आणि गोळीवर गळा आवळणं हे थंडच व्हायचं. त्या आवळण्याचा ताण धातूच्या आत तसाच कोंडून राही. वरून शांत, चकचकीत. आतून तंग तारेसारखी. अमोनियानं फक्त पहिली भेग पाडायची, बाकीचं काम तो कोंडलेला ताणच करी.

ही गोष्ट पुराव्यानिशी मांडली ती वूलिचच्या संशोधन विभागातल्या मूर, बेकिनसेल आणि मॅलिन्सन या तिघांनी, १९२१ साली. ताण आणि अमोनिया, दोन्ही असतील तरच पुंगळी तडकते. एक काढा, तडकणार नाही. देशभरातल्या तबेल्यांतली हवा बदलणं शक्य नव्हतं. म्हणून ताण काढायचा. पुंगळी अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत हलकेच तापवली, की ताठपणा फारसा न गमावता आतला ताण निघून जातो. गळ्याला वेगळा शेक देतात. लष्करी काडतुसाच्या गळ्यापाशी निळसर-तपकिरी झाक दिसते, ती याच शेकाची खूण. बाजारी काडतुसावर ती घासून चकचकीत करतात. लष्कर मात्र मुद्दाम ठेवतं, म्हणजे तपासणाऱ्याला दिसावं, की हिला शेक मिळाला आहे.

मी वर्गात हा प्रयोग करत असे. पितळी नळीचा आवळलेला एक तुकडा आणि शेकून घेतलेला दुसरा, दोन्ही काचेच्या हंडीखाली अमोनियाच्या वाटीशेजारी रात्रभर ठेवायचे. सकाळी मुलं यायची. एक तुकडा चिरलेला असे, दुसरा तसाच. मग मी विचारायचो, "सांगा, अमोनिया कारण की निमित्त?" वर्षानुवर्षं हा प्रश्न विचारला, आणि दर वर्षी कुणीतरी मागच्या बाकावरून म्हणायचं, "सर, हे सत्तावन्नसारखं झालं." मला ते उत्तर आवडायचं. आत वर्षानुवर्षं कोंडलेला ताण असल्याशिवाय नुसत्या चरबीनं पलटणी उठत नाहीत.

एक जुनी आठवण सांगतो. कॉलेजात असताना एनसीसीच्या शिबिरात आम्ही .३०३ रायफल झाडली. झाडून झाल्यावर प्रत्येक रिकामी पुंगळी मोजून परत द्यावी लागे. माझी एक पुंगळी गळ्यापाशी चिरलेली निघाली. मी घाबरलो, वाटलं माझंच काही चुकलं. सातारकडचे हवालदार होते. त्यांनी ती बोटात फिरवली आणि म्हणाले, "आरं, गळाच फुटलाय न्हवं? बूड शाबूत हाय. गळा फुटला तर काम भागतं. बूड फुटलं तर मग तोंड चुकवायला येळ मिळत न्हाई." मग त्यांनी ती बाकीच्यांत न टाकता वेगळी ठेवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. कुणाला दोष दिला नाही, हसले नाहीत, फेकूनही दिली नाही. ती बरणीतली पुंगळी मी खरं तर तिथेच पहिल्यांदा पाहिली होती. अर्थ कळायला चाळीस वर्षं लागली.

फुटलेली पुंगळी लाजिरवाणी वाटते. सेनापतीला ती पराभवाची सबब म्हणून हवी असते, कारखान्याला ती नजरेआड हवी असते, भरणाऱ्याला ती विसरायची असते. पण जिथे जिथे कुणी ती उचलून उजेडात धरली, रणांगणावरच्या राखेत, वूलिचच्या प्रयोगशाळेत, आयडाहोतल्या गुराख्याच्या लेखात, तिथे पुढच्या माणसाचा हात आणि डोळा वाचला. निमित्त सगळ्यांनाच दिसतं. कारण बघायला फुटका तुकडा जपून ठेवावा लागतो.

अमेरिकेतून निघताना त्या गृहस्थांना मी विचारलं होतं, "बरणी भरली की काय करणार?" ते म्हणाले, "गेल्या अकरा वर्षांत तिच्यात एकही नवी पडलेली नाही." आणि त्यांनी बरणी पुन्हा फडताळावर ठेवली, तराजूच्या बरोबर समोर, बसल्या जागेवरून दिसेल अशी.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)